भाऊबीज, नदीच्या त्या काठावर

कॅनडातलं विंडसर आणि अमेरिकेतलं डेट्रॉइट यांच्यामधली नदी किलोमीटरभरही रुंद नाही. नकाशात बघितलं तर इथे कॅनडा चक्क अमेरिकेच्या दक्षिणेला येतो. आमच्या बाजूच्या काठावर उभं राहून उत्तरेकडे बघितलं की डेट्रॉइटच्या उंच इमारती दिसतात. १९२९ सालचा अ‍ॅम्बॅसेडर ब्रिज आणि १९३० साली सुरू झालेला पाण्याखालचा बोगदा, या वाटांनी रोज हजारो माणसं ये-जा करतात. आमच्या गल्लीतल्या एक बाई सकाळी पलीकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून कामाला जातात आणि संध्याकाळी स्वयंपाकाला घरी असतात. माझा धाकटा भाऊ पलीकडे मिशिगनमध्ये, नोव्हाय गावात राहतो. गाडीने तासाभराच्या आत. त्याला माझ्या घरी येता येत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये एका रात्री तो दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला. कारण एवढंच.

हे लिहावं की नाही यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी तोच म्हणाला, "ताई, लिही. फक्त नाव नको." लिहायचं ते अशासाठी, की आपल्या लोकांत हा विषय उघडपणे निघतच नाही. मंडळाच्या गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कुणीतरी मला हळूच बाजूला घेतं. एका मित्राचं काम होतं, अशी सुरुवात होते. मित्राच्या मुलाला टेक्ससमध्ये पकडलंय, आता त्याच्या व्हिसाचं काय? मित्राच्या जावयाला नायगरा कॅनडाच्या बाजूने बघायचाय, पण चार वर्षांपूर्वी असं असं झालं होतं, सोडतील का? आवाज इतका खाली गेलेला असतो की मला पुन्हा विचारावं लागतं. मी वकील नाही. पण भावाच्या निमित्ताने जे वाचलं, वकिलांना खोदखोदून विचारलं, फायलीला लावलं, ते एका जागी मांडून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुण्याहून डेट्रॉइटला येण्याची वाट जुनी आहे. पिंपरी-चिंचवडला गाड्यांच्या कारखान्यात किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत काही वर्षं काढायची, मग एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा, मिळाला की ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, नोव्हाय. भाऊही त्याच वाटेने आला. तो ब्रेकवर काम करतो. गाडी किती वेगात असताना किती अंतरात थांबते, ओल्या रस्त्यावर ते अंतर किती वाढतं, चालवणाऱ्याचा पाय पडायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर काय होतं, हा त्याचा रोजचा धंदा. मला राग आला तो याचाच. ज्याला हे सगळं आकड्यांत पाठ आहे, त्याने चावी हातात घ्यावीच का?

ऑफिसातल्या एकाचा निरोप समारंभ होता. परत येताना चाक दोनदा लेनच्या पट्ट्यावरून गेलं आणि मागे दिवे लागले. श्वासाच्या चाचणीत ०.११ आलं, मिशिगनची मर्यादा ०.०८ आहे. बेड्या, बोटांचे ठसे, रात्रभर कोठडी. सकाळी भावजयीचा फोन आला तेव्हा मला वाटलं होतं आई-बाबांचंच काहीतरी असणार.

अपघात झाला नव्हता, त्यामुळे घरच्यांच्या बोलण्यात 'थोडक्यात निभावलं' असं यायला लागलं. मला ते तेव्हाही पटलं नाही. पुढे १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा मुलगा होता. सुरुवातीला त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, आणि मग रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. भाऊ ती प्रत्येक बातमी वाचत होता. मला म्हणाला, "माझ्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की माझ्यासमोर कुणी आलं नाही." कायद्याने भावाला अडवलं याबद्दल माझी तक्रार नाही, आणि पुढे जे लिहिते आहे ते तक्रार म्हणून वाचू नये.

केस चांगली लढवली गेली असं आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं. मूळ आरोप 'ऑपरेटिंग व्हाइल इन्टॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत गाडी चालवण्याचा होता, तो तडजोडीने 'व्हिजिबली इम्पेअर्ड' या त्याहून सौम्य आरोपावर आला. दंड कमी झाला, लायसन्सवर सहाऐवजी चार पॉइंट लागले, नव्वद दिवस ऑफिसला वगैरे ठरावीक कामांपुरतीच गाडी चालवायची परवानगी आणि एक वर्ष प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या अटी पाळत देखरेखीखाली राहायचं. हे फेब्रुवारी २०२३ मध्ये. वकील म्हणाले, मिसडिमीनर आहे, म्हणजे कमी गंभीर गुन्हा, वर्षभराने विसरून जाल. मिशिगनपुरतं ते बरोबरही होतं. तिथे २०२२ पासून अशा पहिल्या गुन्ह्याची नोंद पाच वर्षांनी पुसून घेण्यासाठी अर्ज करता येतो, आयुष्यात एकदाच.

पण मिशिगनने गुन्ह्याला काय नाव दिलं याच्याशी कॅनडाला देणंघेणं नाही. हेच कृत्य कॅनडात केलं असतं तर इथल्या कायद्याने तो कोणता गुन्हा ठरला असता, एवढंच बघतात. आणि इथे १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेलेली आहे. ज्या गुन्ह्याला दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते, तो इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३६ खाली 'गंभीर गुन्हेगारी'त जातो. तुम्हाला प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंग झाला नसला, नुसता दंड भरून सुटला असलात, तरी मोजायची ती कमाल शिक्षाच. ज्या तडजोडीवर आम्ही खूश होतो, तिचा या पुलावर काडीचा उपयोग नव्हता.

विस्कॉन्सिनमध्ये पहिल्या वेळी हा फौजदारी गुन्हाच धरत नाहीत. न्यू जर्सीतही तो वाहतुकीच्या नियमांत मोडतो. त्यामुळे एडिसनचा एखादा सज्जन मराठी माणूस अगदी खरेपणाने सांगेल की माझ्या नावावर कसलाही गुन्हा नाही, आणि तरीही त्याला नायगराच्या पुलावरून परत पाठवतील. कॅनडाच्या सीमेवरच्या अधिकाऱ्याला एफबीआयच्या नोंदी समोरच्या पडद्यावर बघता येतात. पासपोर्टावर कॅनडाचा व्हिसा असून भागत नाही. भावाच्या पासपोर्टावर तो होताच, दहा वर्षांचा.

पूर्वी एक सवलत होती. शिक्षा संपून दहा वर्षं लोटली आणि मधे दुसरं काही घडलं नाही, तर असा एकच गुन्हा असलेला माणूस आपोआप सुधारला असं धरत. २०१८ च्या त्या तारखेनंतर घडलेल्या गुन्ह्यांना ती मिळत नाही. आधीच्यांना मात्र जुनाच हिशोब लागू आहे, कारण गुन्हा घडला तेव्हाची कमाल शिक्षा बघायची असं कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ साली ट्रान खटल्यात ठरवलं. तेव्हा कुणी विचारलं की मी पहिल्यांदा तारीख विचारते. आणि हो, हे फक्त पाहुण्यांचं नाही. कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात असलेल्यांनाही याच कलमाखाली ते गमवावं लागू शकतं. आमच्याच शहरात शनिवारी रात्री बिनधास्त गाडी काढणाऱ्या कितीतरी पोरांना हे माहीत नसतं.

अमेरिकेच्या बाजूचं दुखणं निराळं. मिशिगनच्या कोर्टात अजून काही ठरायचं होतं, तोवरच भावाला मुंबईच्या वकिलातीकडून मेल आली की त्याचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. आम्ही हादरलो. दोषी ठरण्याआधीच? तर हो. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची हीच रीत आहे. गेल्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झालेली असली तरी व्हिसा रद्द करता येतो. ठसे घेतले की नोंद तिकडे पोचते.

भावाने त्या रात्री बॅगा भरायचंच बाकी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी इमिग्रेशनच्या वकिलाने समजावलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची परवानगी. आत आल्यावर राहण्याची परवानगी वेगळ्या कागदावर असते, आणि ती शाबूत होती. साध्या, पहिल्या वेळच्या अशा गुन्ह्यासाठी कायदेशीरपणे राहणाऱ्या माणसाला देशाबाहेर काढण्याचं थेट कलम अमेरिकेच्या कायद्यात नाही. २००४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने लिओकाल खटल्यात हा 'हिंसक गुन्हा' धरता येणार नाही असंही एकमताने सांगितलेलं आहे. म्हणजे नोकरी चालू, एच-वन-बीची मुदतही वाढली. (विद्यार्थ्यांनी मात्र यावर विसंबू नये. २०२५ च्या वसंतात जुन्या किरकोळ पोलिस नोंदींवरून हजारो विद्यार्थ्यांच्या मुक्कामाच्या नोंदीच बंद केल्या गेल्या होत्या. कोर्टकचेऱ्या झाल्यावर त्या परत सुरू झाल्या, पण तोवर काही जण घाबरून देश सोडून गेले होते.)

तर भावाला राहता येत होतं, फक्त बाहेर पडता येत नव्हतं. पडला, तर परत येण्यासाठी नवा व्हिसा, आणि तो मिळेलच याची खात्री नाही. घर, कर्ज, शाळेत जाणारा मुलगा, ग्रीन कार्डाच्या न संपणाऱ्या रांगेतला नंबर, हे सगळं मागे ठेवून कोण विमानात बसेल?

२०२३ च्या एप्रिलमध्ये बाबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. चिंचवडला सगळं गोत जमलं होतं. मी गेले, तो नाही. गुरुजींनी मुलाला पुढे बोलावलं तेव्हा चुलतभाऊ बसला. लोकांना सांगितलं की ऑफिसात महत्त्वाचं काम निघालं. बाबांना खरं माहीत होतं, आईला नव्हतं, आणि मामांनी चार लोकांत विचारलं की बापाच्या अशा दिवसापेक्षा कसलं काम मोठं? आई त्यावर काही बोलली नाही, पण तिने मुलाशी दोन महिने नीट बोलणं टाकलं. त्याने केलेल्या गुन्ह्याचा राग आला असता तर तो रास्त होता. हा राग मात्र त्याने न केलेल्या गोष्टीचा होता. ते खोटं बोलायला आम्ही दोघं-तिघं सामील होतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. जूनमध्ये मी आईला सगळं सांगून टाकलं. ती चिडली, रडली, आणि मग म्हणाली, "मग तो येऊ शकत नाही असं म्हणायचं ना, येत नाही असं का म्हणालात?"

डेट्रॉइटच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक असते. शहरात आय-७५ हायवेवर एक चुकीचा एक्झिट घेतला की गाडी थेट अ‍ॅम्बॅसेडर ब्रिजच्या रांगेत लागते आणि मग मागे वळता येत नाही. कॅनडाच्या बूथपर्यंत जावंच लागतं. बाकीच्यांसाठी ही अर्ध्या तासाची कटकट. व्हिसा रद्द झालेल्या माणसासाठी ते सगळं संपल्यासारखं. मुदत संपलेला पण रद्द न झालेला व्हिसा असेल, तर कॅनडात तीस दिवसांपर्यंत राहून परत अमेरिकेत शिरायची एक सोय आहे. रद्द झालेल्याला ती नाही. भावाने तो रस्ताच सोडून दिला. मेक्सिकन टाउनमध्ये त्याच्या आवडीचं एक हॉटेल होतं, पुलाच्या अगदी बुडाशी. तिकडे तो फिरकला नाही.

आणि भाऊबीज. आपल्याकडे भाऊ बहिणीकडे येतो. मी कॅनडात आल्यापासून तो दरवर्षी यायचा, येताना हट्टाने पुण्याच्या पद्धतीचं चिरोट्यांचं पुडकं आणायचा. २०२३ ला मीच गेले. माझ्याकडे कॅनडाचा पासपोर्ट, मला कुणी अडवत नाही. जाताना ताम्हण, निरांजन, सुपारी सगळं बरोबर नेलं.

प्रोबेशनच्या अटीत त्याला दिवसातून ठरावीक वेळी एका छोट्या यंत्रात फुंकावं लागायचं. मुठीत मावेल असं काळं यंत्र, त्याला नळी, वर कॅमेरा. फुंकताना ते तोंडाचा फोटो घेतं आणि आकडा थेट पाठवतं. वेळ चुकली तर ती चाचणी दिली नाही असं धरतात. मी त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि निरांजन हातात घेतलं तोच यंत्र वाजलं. तो उठला. आधी स्वयंपाकघरात जाऊन चूळ भरली, कारण सकाळपासून फराळ चालला होता आणि तोंडात काही राहिलं तर आकडा चुकेल याची त्याला धास्ती. मग भिंतीला पाठ लावून, टोपी काढून, उजेडाकडे तोंड करून फुंकलं. कपाळावर माझं कुंकू तसंच होतं. ते कुंकू त्या फोटोत गेलं असणार. यंत्रावर हिरवा दिवा लागेपर्यंत त्याचा मुलगा मोठ्याने आकडे मोजत होता. त्याला ती सवय झाली होती. हिरवा लागल्यावर भाऊ परत येऊन पाटावर बसला आणि मी ओवाळलं.

प्रोबेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये संपलं. मग त्याने ठरवलं की आता भारतात जाऊन व्हिसाचा सोक्षमोक्ष लावायचा. बाबांची तब्येत उतरत होती आणि थांबण्यात अर्थ नव्हता. मे महिन्यात तो चिंचवडला पोचला. अटक झालेली असल्यामुळे नुसता पासपोर्ट टपालाने टाकून काम होणार नव्हतं, मुलाखत द्यावीच लागणार होती. बीकेसीतल्या वकिलातीत खिडकीवर त्याने पहिल्याच प्रश्नाला सगळं सांगितलं आणि कोर्टाचे शिक्क्याचे कागद पुढे सरकवले. तिथून त्याला ठरलेल्या यादीतल्या डॉक्टरकडे पाठवलं. पाच वर्षांत एकदा अटक झाली असली तरी ही तपासणी होते. हेतू एवढाच, की दारूचं व्यसन आहे का, आणि त्यातून पुन्हा असं घडायची शक्यता आहे का, हे ठरवायचं. रक्त तपासलं. कधीपासून पिता, आठवड्यात किती, एकटे पिता का, शेवटचं कधी, घरात कुणाला व्यसन होतं का, असे प्रश्न झाले. व्यसन आणि धोका दोन्ही आहेत असं डॉक्टरचं मत पडलं, तर बारा महिने पूर्ण दूर राहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. भाऊ त्या रात्रीपासून प्यायलाच नव्हता, आणि वर्षभराचे त्या यंत्राचे आकडे छापून त्याने बरोबर नेले होते. ते उपयोगी पडले.

तरी कागद पुढच्या छाननीला गेले आणि पावसाळा निम्मा सरेपर्यंत तो चिंचवडलाच अडकला. कंपनीने बिनपगारी रजा दिली म्हणून नोकरी टिकली. प्रत्येकाची कंपनी देईल असं नाही. एवढं मात्र झालं, की त्या काळात तो रोज बाबांना फिरायला नेत होता. जुलैच्या शेवटी पासपोर्ट आला, आत नवा व्हिसा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. ज्या प्रश्नापाशी माणसं घसरतात तो अर्जातच असतो. अमेरिकेचा अर्ज विचारतो की तुम्हाला कधी अटक झाली आहे का, गुन्हा शाबीत झाला आहे का, माफी मिळाली असली तरी. कॅनडाचा अर्ज आणखी पुढे जाऊन कुठल्याही देशात केलेला, आरोप झालेला, अटक झालेला गुन्हा विचारतो. मला बाजूला घेऊन विचारणाऱ्यांचा खरा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: 'नाही'वर खूण केली तर कळेल का? मिशिगनने नोंद पुसली तरी अमेरिकेच्या या प्रश्नाचं उत्तर 'हो'च राहतं. कॅनडाला खोटं सांगितलं आणि पकडलं गेलं तर पाच वर्षं बंदी. अमेरिकेला जाणूनबुजून खोटं सांगितलं तर बंदी कायमची, विशेष सूट मिळाली तरच उठणारी. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल भावाला जे भोगावं लागलं त्याला कुठेतरी शेवट आहे. त्या चौकोनात खोटी खूण केली असती तर शेवट नव्हता. आपल्या ओळखीच्या एजंटांपैकी कुणी 'टाका हो नाही, कोण बघतंय' म्हणालं, तर त्याच्या दुकानातून उठून यावं.

हे पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनाही लागू आहे. आपल्या मोटर वाहन कायद्याचं कलम १८५ इथल्यापेक्षा कडक आहे. शंभर मिलिलिटर रक्तात अल्कोहोल तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. मिशिगन आणि कॅनडात तोच आकडा ऐंशी आहे (वर लिहिलेलं ०.०८ म्हणजे हेच). २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीत पकडलेली पोरं कोर्टात गुन्हा कबूल करतात, दंड भरतात, चहा पिऊन घरी येतात आणि समजतात की पावती फाडली, विषय संपला. ती पावती म्हणजे शाबीत झालेला गुन्हा असतो. दोन वर्षांनी कॅनडाच्या कॉलेजात प्रवेश मिळतो, अर्ज भरायला बसतात, आणि तो प्रश्न समोर येतो. आणि खटला अजून कोर्टात पडून असेल, तर पासपोर्टाचं नूतनीकरणसुद्धा अडतं. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ प्रमाणे त्याला कोर्टाची परवानगी आणावी लागते.

अशा मुलांना मी एकच गोष्ट सांगते: श्वासाच्या चाचणीचा छापील कागद आणि कोर्टाचा आदेश जपून ठेवा. पन्नास मिलिग्रॅम असताना पुण्यात गुन्हा शाबीत झाला असेल, तर तेवढ्याने कॅनडातली ऐंशीची मर्यादा मोडली असं होत नाही, आणि वकिलाला त्यावर बोट ठेवून मुद्दा मांडता येतो. कागद नसेल तर बोट कशावर ठेवणार?

बाकीच्या देशांचं थोडक्यात. जपानमध्ये एक वर्ष किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झालेल्याला उतरू देत नाहीत. ऑस्ट्रेलियातही मुख्य रेघ बारा महिन्यांच्या शिक्षेची आहे, पण विमानातल्या कार्डावर गुन्ह्याबद्दल विचारतात, तिथे खरं लिहावं. युरोपच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जात हा प्रश्न नाही. दंडावर सुटलेल्या एका गुन्ह्याला बहुतेक ठिकाणी दार बंद होत नाही. कॅनडाएवढी कडक जागा मला तरी दुसरी दिसली नाही, आणि आमचं नशीब असं की बहीण नेमकी तिथेच राहते.

अमेरिकेत जे अडकतील त्यांनी कबुली देण्याआधी, पुन्हा सांगते, आधी, इमिग्रेशनच्या वकिलाशी वेगळं बोलावं. २०१० च्या पॅडिला निकालापासून फौजदारी वकिलाने अशिलाला देशाबाहेर काढलं जाण्याच्या धोक्याची कल्पना द्यावीच लागते. पण व्हिसा रद्द होणं, दुसऱ्या देशाचं दार बंद होणं, हे त्यात येत नाही. भावाच्या वकिलाने सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलं नाही आणि ते सांगणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

कॅनडाकडे दोन वाटा उरतात. एक तात्पुरता परवाना, ज्याला सबळ निकड दाखवावी लागते. भाऊबीज ही निकड होऊ शकत नाही असं इथल्या वकिलाने स्वच्छ सांगितलं. दुसरी वाट पुनर्वसनाच्या अर्जाची. शिक्षेचा शेवटचा दिवस, म्हणजे प्रोबेशनही धरून, संपल्यावर पाच वर्षांनी तो करता येतो आणि मंजूर झाला की कायमचा. फी हजार डॉलरच्या वर आहे. भावासाठी ती तारीख फेब्रुवारी २०२९.

तयारी आम्ही आत्ताच लावली आहे. अठरा वर्षांचा झाल्यापासून सहा महिन्यांहून जास्त जिथे राहिला त्या प्रत्येक देशाचं पोलिस प्रमाणपत्र लागतं. भारताचं आणि अमेरिकेचं ऐनवेळी काढायचं आहे. कोर्टाचे कागद, दंडाच्या पावत्या, वर्गाला बसल्याचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचे रिपोर्ट मात्र फायलीत लागले आहेत. आणि एक पत्र त्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं, काय घडलं आणि त्यानंतर काय बदललं. त्याचा पहिला खर्डा मी वाचला. दीड पान निरोप समारंभ, मित्रांचा आग्रह, टॅक्सी न मिळणं आणि पाऊस यांतच गेलं होतं. मी ते सगळं काढायला सांगितलं. तो दोन दिवस माझ्यावर नाराज होता. मग नवा कागद पाठवला, त्याची सुरुवात अशी आहे: "मी दारू प्यायलो होतो हे मला माहीत होतं, आणि तरी मी गाडी चालवली."